पैनगंगेच्या दोन काठांचे दोन रुपये

१/ एके काळी किनवटजवळ पैनगंगा ओलांडली की रुपया बदलत असे. अलीकडचा काठ निजामाचा, आदिलाबाद जिल्ह्यातला. पलीकडे यवतमाळ, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड (कागदोपत्री तोही निजामाचाच!). इकडे 'हाली सिक्का', तिकडे 'कलदार'. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेले ते कलदार.

२/ दर ६ कलदारांस ७ हाली. शंभरास ११६ रुपये १० आणे ८ पै. हा हिशेब सावकाराला तोंडपाठ. कापूस विकणाऱ्या कुळाला?

३/ आता पहिल्या महायुद्धाकडे वळू. हिंदुस्थानातून युद्धासाठी अफाट माल जात होता. त्याचे दाम रुपयांत चुकवायचे, आणि रुपयाला चांदी हवी. मेक्सिकोतले उत्पादन घटलेले. १९१७ मध्ये नाण्यातली चांदी दर्शनी मोलाहून महाग झाली. अखेर एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला, खजिन्यातले चांदीचे डॉलर वितळवले आणि हिंदुस्थानसाठी २० कोटी औंस चांदी ब्रिटनला विकली.

४/ ही टंचाई हैदराबादच्या पथ्यावर पडली. त्याच वर्षी निजाम सरकारने स्वतःच्या १० व १०० रुपयांच्या नोटा काढल्या. चांदी मुबलक असती, तर इंग्रजांनी ही मुभा दिली असती असे मला वाटत नाही.

५/ संस्थान १९४८ मध्ये गेले. १९५६ मध्ये किनवट नांदेड जिल्ह्यात आले. हाली रुपया मात्र १९५९ पर्यंत रद्द झाला नव्हता, दर तोच: सातास सहा.