वाळवीने खाल्लेला आकडा

मंडळी, मागच्या वेळी आपण १९५६ पाशी थांबलो होतो. आयबीएमचं रॅमॅक: दोन-दोन फुटी पन्नास तबकड्या आणि सगळ्यांत मिळून पन्नास लाख अक्षरं. आज थेट १९८८ सालात जाऊ.

त्या वर्षी बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एक अवाढव्य, महागडी डिस्क घेण्यापेक्षा पीसीतल्या स्वस्त डिस्क एकत्र बांधा, हे त्यांचं म्हणणं. अडचणीचा हिशोबही त्यांनीच मांडला. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर शंभरांतली कुठली तरी एक सरासरी ३०० तासांत जाणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत! म्हणून जास्तीची नोंद ठेवायची. याचंच नाव 'रेड'. युक्ती मात्र जुनी. आयबीएमच्या नॉर्मन औची यांना १९७८ मध्येच अशा रचनेचं पेटंट मिळालं होतं.

आपल्याला ती वहीवरून कळेल. कीर्दीत १२, ७, ९ आणि खाली बेरीज २८. मधला ७ वाळवीने खाल्ला. २८ मधून १२ आणि ९ वजा करा, ७ परत हजर. डिस्कवर बेरजेऐवजी शून्य-एकचा सम-विषम हिशोब असतो, एवढंच. पण दोन आकडे गेले तर बेरीज काही बोलत नाही. ('रेड ६' त्यासाठी आणखी एक वेगळी बेरीज ठेवतं.)

धोका असा, की एक डिस्क गेली तरी काम चालूच राहतं. रत्नागिरीतल्या एका कचेरीत आम्ही गेलो तेव्हा तांबडा दिवा पेटलेला. चहावाला पोरगा म्हणाला, "तो गणपतीपासून पेटलाय." शिमगा तोंडावर आला होता! घाई आम्हीच केली. यंत्र म्हणत होतं 'डिस्क २', आम्ही डावीकडून दुसरी ओढली. यंत्र शून्यापासून मोजतं. चांगली डिस्क हातात, सगळं ठप्प. नशीब, 'नव्याने मांडणी करू का?' या प्रश्नाला हो म्हटलं नाही. डिस्क जिथल्या तिथे बसवली, आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवला आणि मगच नवी डिस्क घातली. कारण भरणी सुरू झाली की उरलेल्या सगळ्या डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचल्या जातात, आणि दुसऱ्या म्हाताऱ्या डिस्कचं दुखणं नेमकं तेव्हाच बाहेर येतं.

आता चिपळूण. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या पुरात पाणी आत शिरलं, जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी पुन्हा शहरात आली आणि पुन्हा पुस्तकं भिजली. एकाच कपाटात तीन प्रती असल्या तरी पाणी तिन्हींना एकदमच भिजवतं. रेडच्या सगळ्या डिस्कही एकाच पेटीत, एकाच वीजजोडणीवर असतात. म्हणून त्या कचेरीच्या डेटाची एक प्रत आता दर शनिवारी एसटीने साताऱ्याला जाते. आधी कोल्हापूर ठरत होतं, पण २०२१ मध्ये त्याच आठवड्यात पंचगंगेलाही पूर होता.