एक हजार रुपयांचे मत

नगरपालिकेचे अंदाजपत्रक हा मराठीच्या तासाचा विषय नव्हे. आम्ही कोपरगावात शिकवतो. गोदावरी उशाला असूनही नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजण्याचा काळ या गावाने पाहिला आहे. जमाखर्चात आधी काय मांडले जाते, याचे मोल येथे निराळे सांगावे लागत नाही. तरीही ‘शेतकऱ्याचा असूड’ शिकवताना त्याच्या कर्त्याने काही वर्षे नगरपालिकेत काढली होती, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. १८८० साली गव्हर्नर जनरलच्या पुणेभेटीनिमित्त एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. बत्तीस सदस्यांत विरोधी मत एकट्या फुल्यांचे पडले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारनेच नेमलेल्या सदस्याने सरकारच्या स्वागतखर्चाला नकार द्यावा, हे धाडस खरेच. चरित्रकारांनीही ते तसेच रंगवले आहे. आम्हांला त्यात धाडसापेक्षा हिशेब अधिक दिसतो.

कारण तोच हिशेब १८८२ साली हंटर आयोगापुढील त्यांच्या निवेदनात पुन्हा येतो. महसूल रयतेच्या घामातून उभा राहतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यातील मुख्य आक्षेप. १८८३ चा ‘असूड’ ही तीच खतावणी, फक्त विस्ताराने आणि कडाडत्या भाषेत लिहिलेली. केवळ संतापाचे पुस्तक म्हणून तो शिकवला, की त्यातले आकडेमोडीचे शिस्तबद्ध मन हातून निसटते.

नव्या मंडईच्या भारी खर्चालाही फुल्यांनी विरोध केला होता. येथे आमच्या वर्गातील शेतकऱ्यांची मुले हटकून अडतात: भाजी विकणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर आले, तर त्यात वावगे काय? प्रश्न रास्त आहे. शनिवारवाड्यापुढच्या उघड्या जागेत बसणारे विक्रेते बहुतांशी फुल्यांच्याच समाजातले, कष्टकरी. आमच्या मते त्यांचा रोष छपरावर नव्हता, क्रमावर होता: शाळा आधी, इमारतीचा डौल मागून.

मंडई झालीच. १८८६ साली ती खुली झाली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले.