‘लोकल’ डिरेक्टरी : एका सीमारेषेचा इतिहास

युनिक्सची ‘यूएसआर’ डिरेक्टरी बेल प्रयोगशाळेत प्रारंभी वापरकर्त्यांच्या फाइलींसाठी होती. पहिली डिस्क अपुरी पडताच प्रणालीचे प्रोग्रामही तेथे आले. अडचणीतून जन्मलेल्या या विभागात पुढे ‘लोकल’ हा उपविभाग पडला. त्यास मात्र तत्त्वाचे अधिष्ठान लाभले. १९९४ च्या लिनक्स प्रमाणकातून विकसित झालेल्या फाइल-रचना प्रमाणकाने दंडक घातला की, प्रणाली अद्ययावत करताना ‘लोकल’मधील प्रोग्राम अबाधित राहावेत. कॉन्फिगरेशन फाइलींचा प्रश्न अधिक बिकट ठरला. कारण ‘ईटीसी’मध्ये निर्मात्याचे मूळ लेखन आणि व्यवस्थापकाचे फेरफार एकत्र नांदतात. फ्रीबीएसडीने बाहेरील प्रोग्रामांच्या अशा फाइलींसाठी ‘लोकल’मध्येच स्वतंत्र ‘ईटीसी’ योजिली. तात्पर्य, जागेच्या टंचाईतून निघालेली रेषा स्वामित्वाची रेषा ठरली. ती पुसल्यास स्थानिक व्यवस्थापकाचे श्रम एका अद्ययावतीकरणात नष्ट होऊ शकतात.