कोबोलवाल्यांची टंचाई

कोबोल ही संगणकाची भाषा १९५९ साली अमेरिकेत घडू लागली ती संरक्षण खात्याच्या पाठबळाने. एका कंपनीच्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीच्या यंत्रावरही चालावा, हा हेतू. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचे हिशेब तिच्यात उतरले आणि तिथेच मुक्कामाला राहिले. कोबोल येणाऱ्यांच्या नोकऱ्यांचा इतिहास सहसा असा सांगतात: जुने निवृत्त झाले, नवे शिकेनात, म्हणून भाव चढला. मला हे पटत नाही. टंचाई आली ती मालकांनी देखभालीचा खर्च वर्षानुवर्षे पुढे ढकलला म्हणून.

साल दोन अंकांत लिहायची सवय घ्या. ऐंशी रकान्यांचं पंचकार्ड आणि महागडी मेमरी यांच्या काळात ती काटकसर शहाणपणाचीच होती. पण २००० साल उजाडलं की यंत्र ते १९०० समजेल, हा तिच्यातला धोका बॉब बेमर यांनी १९७१ मध्येच छापून मांडला होता, आणि बेमर हे कोबोलच्या जडणघडणीतलेच गृहस्थ. तरी जाग आली ती नव्वदच्या दशकात, २००० साल उंबरठ्यावर आल्यावर. मग मुंबईच्या टीसीएस आणि पटणीसारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे कामाचा ओघ लागला. अमेरिकेने परदेशी कुशल नोकरदारांसाठीच्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १९९९ साठी १,१५,००० केली. व्हिसा फक्त कोबोलवाल्यांना नव्हते, पण मागणीचा जोर त्यातून कळतो. इथल्या नवख्या पदवीधरांना ही भाषा काही महिन्यांत शिकवून कामाला लावता येत होतं. जी विद्या इतक्या झटपट देता येते तिला दुर्मीळ कसं म्हणावं?

यावर कोणी विचारेल, मग निवृत्तांना परत का बोलावलं? कारण त्यांना एका विशिष्ट कचेरीचा, धड कागदपत्रं नसलेला प्रोग्राम ठाऊक होता. त्या माहितीला दुसऱ्या दारात किंमत नव्हती, आणि २००० उजाडल्यावर स्वतःच्या दारातही फारशी उरली नाही. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनामुळे बेकारभत्त्याचे अर्ज तुंबले तेव्हा, न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी पुन्हा कोबोलवाल्यांना साद घातली. तीही स्वयंसेवक म्हणून. संगणक-इतिहासकार मार हिक्स यांच्या मते तर जुनी कोबोल यंत्रणा तिथे काम करतच होती, कोलमडली ती तिच्यापुढची नवी वेबसाइट.