पळवणकर बाळू यांची गोलंदाजी

क्रिकेटचा चेंडू चामड्याचा. तो साऱ्या जातींच्या हातांतून फिरे आणि विटाळत नसे. विटाळ होई तो चहाच्या पेल्याला.

बाळू पळवणकर जन्मानें चांभार. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर ते खेळपट्टी राखीत आणि कॅप्टन ग्रेगला सरावासाठीं चेंडू टाकीत. बाद केल्यास आठ आणे मिळत, असें सांगतात. सराव ग्रेगचा, पण त्यांत घडली ती बाळूंची डावऱ्या हाताची संथ, वळणारी गोलंदाजी. पुढें पुण्याच्या हिंदु क्लबानें त्यांना खेळविलें. मैदानांत त्यांचा चेंडू सारे झेलीत, पण चहा त्यांना बाहेर, मातीच्या पेल्यांत मिळे!

१९०६ सालीं हिंदूंनीं मुंबईस युरोपियनांवर १०९ धांवांनीं जय मिळविला, त्यांत त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत हिंदी संघ सामन्यामागून सामने हरत असतां या एकट्या गोलंदाजानें ११४ गडी बाद केले. दर गड्यामागें धांवा एकोणिसांहून कमी.

तरी हिंदु संघाचें नायकपद त्यांना दिलें गेलें नाहीं. १९२० सालीं उपनायकपद मिळालें, तेंही भावांनीं निषेध म्हणून संघ सोडल्यावर. १९२३ सालीं धाकटे बंधु विठ्ठल नायक झाले. तोंवर बाळूंचा खेळ संपला होता.