कॉन्सर्टिनाचें वय

पेटी घरोघरीं ओळखीची आहे. कॉन्सर्टिना ही तिची विलायती चुलत बहीण म्हणावी. षट्कोनी, दोन तळहातांच्या मध्यें मावणारें हें वाद्य. भाता मधोमध आणि बटणें दोन्ही टोकांस. वाऱ्यानें थरथरणारी धातूची पातळ रीड मात्र दोहोंच्या पोटांत सारखीच. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत 'व्हीट्स्टन ब्रिज' भेटतो, त्याच चार्ल्स व्हीट्स्टनची ही निर्मिति. (तो ब्रिज मुळांत सॅम्युएल ख्रिस्टीचा, १८३३ सालचा, नांव मात्र दुसऱ्याचें चिकटलें. पुढील हकीकतींतही असेंच घडलेलें दिसेल.) व्हीट्स्टननें पहिलें पेटंट १८२९ सालीं घेतलें व सुधारणांचें दुसरें १८४४ सालीं.

जुनें वाद्य हातीं येतांच ग्राहक प्रथम टोकावरील कागदी लेबल वाचतो. त्याचा उपयोग आहे, नाहीं असें नाहीं. व्हीट्स्टनची पेढी १९०५ पर्यंत लंडनच्या कॉन्डिट स्ट्रीटवर होती, नंतर वेस्ट स्ट्रीटवर गेली. तेव्हां पत्त्यावरून काळाची एक सीमा तरी ठरते. पण लेबल सांगतें तें विकणाऱ्याचें नांव. घडविणाऱ्याचें असेलच असें नाहीं. लुई लाशनाल हा स्वित्झर्लंडचा कारागीर. त्यानें कित्येक वर्षें व्हीट्स्टनसाठीं काम केलें, आणि त्या वाद्यांवर त्याच्या नांवाचें अक्षर नाहीं. पुढें त्यानें स्वतःचा कारखाना काढला, आणि १८६१ सालीं तो वारला. विधवा पत्नीनें धंदा चालविला, लेबलावर मात्र 'लुई लाशनाल' हेंच नांव राहिलें! म्हणजे जिवंतपणीं ज्याचें नांव लपलें, तो मेल्यावर वाद्यें विकूं लागला.

म्हणून जाणता मनुष्य टोकांचे स्क्रू काढून आंत पाहतो. इंग्रजी बनावटींत प्रत्येक रीड स्वतंत्र पितळी चौकटींत बसविलेली असते व ती चौकट लांकडी खांचेंत सरकविलेली असते. स्वस्त जर्मन वाद्यांत अनेक रीडा एकाच लांब पट्टीवर ओळीनें बसवितात. हा भेद कोणतेंही लेबल लपवूं शकत नाहीं. आरंभींच्या रीडा बहुधा पितळेच्या असत, पुढें पोलादाच्या आल्या. तथापि येथेंही सावध राहावें, कारण दुरुस्तींत रीडा बदलल्या जात. लांकडी भागांवर ठोकलेले क्रमांक परस्परांशीं जुळत नसतील, तर दोन वाद्यांचें एक झालें आहे असें समजावें.

क्रमांक जुळले तर व्हीट्स्टनच्या वाद्यांपुरती वही साक्षीस येते. त्या पेढीच्या, सुमारे १८७० पर्यंतच्या विक्रीच्या वह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयांत आहेत, आणि १९१० पासूनच्या उत्पादनाच्या वह्याही टिकून आहेत. मधला मोठा काळ रिकामा आहे. शिवाय जुन्या वहींतील तारीख विक्रीची. एकच क्रमांक दोनदां, तीनदां आढळतो, कारण वाद्यें भाड्यानेंही जात व परत येत. तेव्हां सर्वांत आधींची नोंद शोधणें इष्ट.

चार्ल्स जेफ्रीजच्या वाद्यांस हाही आधार नाहीं. त्याचें नांव धातूच्या टोकांवर कोरलेलें असतें, अनुक्रमांकाची वही मात्र नाहीं. तो १९०६ सालीं वारला आणि मुलांनीं धंदा पुढें चालविला. तेथें रीडा, भात्याच्या घड्या आणि जाळीचें नक्षीकाम ह्यांच्या तुलनेवरच भिस्त ठेवावी लागते, आणि उत्तर सालांत नव्हे, दशकांत मिळतें.