अंतराळ स्थानकावरील उपकरणांचा नेम
फिरत्या अंतराळ स्थानकावरून दुर्बीण किंवा कॅमेरा ठरलेल्या लक्ष्यावर अचूक रोखून धरण्याचे तंत्र. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किमी. उंचीवरून सेकंदाला सुमारे ७.७ किमी. वेगाने धावते. तेथून नेम अंशाच्या साठाव्या भागाने चुकला, तरी जमिनीवर ११५ मी.च्या आसपास फरक पडतो.

वेगापेक्षाही अवघड आहे ते स्थानकाचे वळणे. त्याची एक बाजू सतत पृथ्वीकडे राहावी, म्हणून सुमारे ९२ मिनिटांच्या प्रदक्षिणेत ते स्वतःभोवतीही एकदा फिरते. म्हणजे मिनिटाला जवळपास ४ अंश. ताऱ्यावर खिळलेल्या दुर्बिणीला तेवढेच उलट वळावे लागते. शिवाय सौरपंखे फिरतात, अंतराळवीर व्यायाम करतात आणि सारा सांगाडा थरथरतो.

नासाची ‘नायसर’ ही २०१७ मध्ये या स्थानकावर बसवलेली क्ष-किरण दुर्बीण अशा स्थितीतही नेम साधण्याचे उत्तम उदाहरण. तिचा स्वतःचा कॅमेरा ताऱ्यांची मांडणी ओळखून दिशा ठरवतो आणि दोन अक्षांवर फिरणारी यंत्रणा तिला वळवत राहते. तिच्या निरीक्षणांवरून जे००३०+०४५१ या न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास सुमारे २६ किमी. असल्याचे २०१९ मध्ये मांडले गेले. एका शहराएवढा तारा, आणि तोही हलत्या मचाणावरून मोजलेला!

त्याआधी १९७३ मध्ये ‘स्कायलॅब’ या अंतराळ स्थानकाने वाट दाखवली होती. तीन अवजड फिरती चक्रे स्थानकाला सावरत, तर सौर दुर्बिणी स्वतंत्र हलत्या चौकटीत बसवल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक चक्र बंद पडले. उरलेल्या दोन चक्रांवर सूर्याची निरीक्षणे फेब्रुवारी १९७४ पर्यंत चालू राहिली.